एआरटीच्या गोळीशेजारची दुसरी गोळी

या वेळच्या पत्रांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. एचआयव्हीची गोळी, म्हणजे एआरटी (विषाणूला दाबून ठेवणारा उपचार), बहुतेक जण नेमाने घेतात. घोळ होतो तो तिच्या शेजारी येऊन बसलेल्या दुसऱ्या औषधामुळे, मग ते कॅल्शियम असो, मधुमेहाची गोळी असो, दम्याचा पंप असो की वैद्यांनी दिलेली पुडी. म्हणून त्याच धाग्यातली पत्रे निवडली आहेत. काही पत्रे लांबीमुळे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : वय ४७. चार वर्षांपासून सिव्हिलच्या एआरटी केंद्रातून टीएलडी घेते, रोज रात्री साडेनऊला. एकही दिवस चुकवलेला नाही. व्हायरल लोड (रक्तातले विषाणूंचे प्रमाण) दर वर्षी ‘टीएनडी’, म्हणजे विषाणू सापडला नाही, असा यायचा, या वेळी १,८४० आला. समुपदेशक ताई विचारतात, गोळ्या चुकवता का? मला फार अपमान वाटला. पाळी जायच्या वयातला अशक्तपणा म्हणून गावातल्या डॉक्टरांनी सात महिन्यांपूर्वी कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या दिल्या आहेत. शिवाय छातीत जळजळ होते म्हणून झोपताना पातळ गुलाबी औषध दोन चमचे घेते. टीएलडीचा असर संपला का?
— एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : असर संपलेला नसावा. गोळी पोटात जाते आहे, पण रक्तात पुरेशी पोचत नाही, असे तुमच्या पत्रावरून दिसते.

टीएलडीमध्ये तीन औषधे आहेत : टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्हुडिन ३०० मिलिग्रॅम आणि डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅम. यातले डोल्युटेग्राविर धातूंना चिकटते. किंबहुना त्याचे कामच त्यावर चालते : विषाणूच्या इंटिग्रेज नावाच्या विकरात (एन्झाइममध्ये) मॅग्नेशियम असते, त्याला धरून ते विकर बंद पाडते. पण आतड्यातच त्याला कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम किंवा जस्त भेटले, तर ते तिथेच त्यांना धरून बसते. तो जोड आतड्यातून शोषला जात नाही, शौचावाटे निघून जातो. उपाशीपोटी कॅल्शियम आणि डोल्युटेग्राविर एकदम घेतले तर रक्तातले औषध सुमारे ३९ टक्क्यांनी घटते, लोहाबरोबर सुमारे ५४ टक्क्यांनी, आणि ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमच्या पातळ ॲसिडिटीच्या औषधाबरोबर सुमारे ७४ टक्क्यांनी. तुमचे झोपतानाचे दोन चमचे म्हणूनच सर्वांत जास्त संशयास्पद आहेत. कोणाच्या लक्षात येत नाही ते हेच, कारण ‘ॲसिडिटीचं काय, ते साधं औषध’ असे सगळेच म्हणतात.

नियम असा : टीएलडी ही या वस्तूंच्या दोन तास आधी घ्यायची किंवा सहा तास नंतर. तुमच्यासाठी वेळापत्रक सोपे आहे. लोहाची गोळी सकाळी आठला, कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर एकला, टीएलडी रात्री साडेनऊला आहे तशीच. (लोह आणि कॅल्शियमही एकमेकांच्या वाटेत येतात, म्हणून दोन वेळा.) जळजळीचे पातळ औषध रात्री घ्यायचेच असेल तर टीएलडी घेऊन पूर्ण दोन तास झाल्यावर, म्हणजे साडेअकरानंतर. तेवढे जागणे होत नसेल तर टीएलडीची वेळच संध्याकाळी सातला आणा. रोज जळजळ होत असेल तर पॅन्टोप्राझोलसारखी गोळी विचारून घ्या. डोल्युटेग्राविरला तिचा त्रास होत नाही.

एक सवलत आहे. कॅल्शियम किंवा लोह भरपेट जेवणाबरोबर आणि त्याच जेवणाबरोबर टीएलडी, असे तिन्ही एकत्र घेतलेले चालते, कारण अन्नासोबत शोषण पुरेसे होते. तुमचे जेवण बहुधा आठच्या सुमारास होत असेल आणि गोळ्या साडेनऊला नुसत्या पाण्याबरोबर जात असतील, तर ही सवलत तुम्हाला लागू नाही. ॲसिडिटीच्या पातळ औषधाला तर ती कधीच लागू नाही. जेवणातले दूध, दही, पालेभाजी यांची चिंता करू नका.

आणखी एक विचारून ठेवतो : घरात शंखभस्म, प्रवाळ, मंडूर किंवा लोहभस्म असलेले काही चालू आहे का? पहिल्या दोहोंत कॅल्शियम आहे, पुढच्या दोहोंत लोह. ‘आयुर्वेदिक आहे, चालतं’ हे इथे चालत नाही. मल्टिव्हिटॅमिनच्या गोळीवरही मागच्या बाजूला जस्त आणि मॅग्नेशियम छापलेले सापडेल.

पुढे काय करायचे? गोळ्यांच्या पट्ट्या आणि बाटली, रिकाम्या झालेल्यासुद्धा, पिशवीत घालून केंद्रात न्या. व्हायरल लोड १,००० किंवा त्याहून जास्त आला की समुपदेशनाच्या फेऱ्या होतात आणि तीन महिन्यांनी चाचणी पुन्हा होते, हा ठरलेला क्रम आहे. त्यात अपमान नाही. मात्र समुपदेशक ‘चुकवता का’ एवढेच विचारून थांबत असतील तर आपण होऊन सांगा : ‘चुकवत नाही, पण बरोबर हे हे घेते.’ वेळा सुधारल्यावर बहुतेकांचा लोड खाली येतो. डोल्युटेग्राविरला दाद न देण्याइतका विषाणू सहजी निबर होत नाही, त्यामुळे एका अहवालावरून लगेच दुसऱ्या फळीची (पहिली औषधे निकामी झाल्यावर द्यायची) औषधे मागू नका. तोवर जोडीदाराबरोबर निरोध वापरा. लोड पुन्हा टीएनडी झाला की संबंधातून लागण होत नाही, हे आता जगभर मान्य आहे.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला एचआयव्ही आहे, टीएलडी चालू आहे. आता फुफ्फुसाचा टीबी निघाला. एआरटी केंद्राने टीएलडीशिवाय सकाळची आणखी एक डोल्युटेग्राविरची गोळी दिली. आई म्हणते एवढं औषध उष्ण पडेल, ती सकाळची गोळी बंद करा. लघवीही नारिंगी झाली आहे.
— एक वाचक, परभणी

उत्तर : सकाळची गोळी अजिबात बंद करू नका. ती जादा नाही, तूट भरून काढणारी आहे.

टीबीच्या गोळ्यांतले रिफॅम्पिसिन यकृतातली औषधे मोडणारी विकरे वाढवते. ही विकरे डोल्युटेग्राविरही झपाट्याने मोडतात. दिवसाला एकच गोळी राहिली तर चोवीस तास संपायच्या आतच रक्तातली पातळी घसरते. म्हणून बारा तासांनी दुसरी ५० मिलिग्रॅमची नुसत्या डोल्युटेग्राविरची गोळी : टीएलडी रात्री नऊला तर ही सकाळी नऊला. टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन दुप्पट करायचे नसते. म्हणून ‘डबल’ म्हणजे दोन टीएलडी असा अर्थ घरी कोणी काढू नये. तसे झाले तर मूत्रपिंडावर भार येतो.

ही गोळी टीबीचा कोर्स संपल्यावर आणखी दोन आठवडे चालू ठेवायची. रिफॅम्पिसिन थांबले तरी वाढलेली विकरे ओसरायला तेवढा वेळ लागतो. नेहमीच्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा : दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. शेवटचा डोस ज्या तारखेला पडेल ती कॅलेंडरवर लिहा आणि त्यापुढे चौदा दिवस मोजा. शेवटच्या भेटीत केंद्रातून तेवढ्या गोळ्या जास्त मागून घ्या. इथेच लोक अडकतात. टीबी विभाग म्हणतो ‘झालं तुमचं’, आणि माणूस टीबीच्या गोळ्यांबरोबर सकाळची ही गोळीही त्याच दिवशी सोडतो.

नारिंगी लघवी, घाम, अश्रू हे रिफॅम्पिसिनचे रंग आहेत, त्यात काही बिघडलेले नाही. काळजीची चिन्हे वेगळी : डोळे पिवळे होणे, सतत मळमळ, जेवण नकोसे होणे, उजव्या बरगडीखाली दुखणे. ही यकृताच्या सुजेची असू शकतात. दिसल्यास त्याच दिवशी दवाखाना, दुसऱ्या दिवसाची वाट नको. पायाच्या तळव्यांना मुंग्या आल्या तर आयसोनियाझिडमुळे बी-सहा जीवनसत्त्व कमी पडत असेल. पायरिडॉक्सिनची गोळी मिळते का ते विचारा. डोळ्यांना लाल-हिरवा रंग फिका दिसू लागला तर ते एथॅम्ब्युटॉलचे काम असू शकते, तेही लगेच सांगायचे.

टीबीच्या रुग्णाला आहारासाठी मिळणारे निक्षय पोषण योजनेचे पैसे नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १,००० रुपये झाले आहेत. ते बँक खात्यात येतात, म्हणून खाते आणि आधार यांची जोडणी आधी तपासून घ्या. आईची आणि घरातल्या बाकी सगळ्यांची टीबीसाठी तपासणी झाली का, हेही बघा. पत्रात तसा उल्लेख नाही.

प्रश्न : वय ५३, मधुमेह आठ वर्षे. पूर्वी एफाविरेंझवाली गोळी होती, ती बदलून टीएलडी दिली. मेटफॉर्मिन १,००० सकाळ-संध्याकाळ घेतो. गोळी बदलल्यापासून पोट सतत बिघडलेले असते आणि वर्षात वजन ७ किलो वाढले. क्रिएटिनिन ०.९ चे १.१ झाले. मूत्रपिंड गेले का? फॅमिली डॉक्टरांना एचआयव्हीचे सांगितलेले नाही.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुमच्या पोटाची आणि क्रिएटिनिनची गोष्ट एकाच दारापाशी येते. मूत्रपिंडाच्या पेशींत काही वाहक प्रथिने असतात. मेटफॉर्मिन त्यांच्यामार्फत लघवीत टाकले जाते, क्रिएटिनिनचा काही भागही. डोल्युटेग्राविर ही वाट अडवते. परिणामी रक्तातले मेटफॉर्मिन सुमारे ७९ टक्क्यांनी वाढू शकते. म्हणजे तुम्ही २,००० घेत असलात तरी शरीराला भेटते त्याहून बरेच जास्त, आणि जुलाब हे मेटफॉर्मिन जास्त झाल्याचे पहिले लक्षण. डोल्युटेग्राविरबरोबर मेटफॉर्मिनची मर्यादा दिवसाला १,००० मिलिग्रॅम धरतात. पण ते स्वतःहून निम्मे करू नका, कारण साखर उसळेल. डॉक्टरांकडून मात्रा कमी करून, लागल्यास दुसऱ्या गटाची गोळी जोडून घ्यायची, आणि दोन आठवडे उपाशीपोटी व जेवणानंतर दोन तासांनी अशी साखर वहीत लिहायची. एचबीए१सीवर (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या चाचणीवर) एकट्यावर विसंबू नका. एचआयव्हीच्या काही औषधांवर तो खऱ्यापेक्षा कमी येतो.

क्रिएटिनिनमधली ०.१ ते ०.२ ची वाढ त्याच अडवणुकीची आहे. गाळण्याचे काम तसेच चालू असते, फक्त क्रिएटिनिन बाहेर टाकण्याचे एक दार अडलेले असते. पहिल्या महिन्याभरात वाढते आणि तिथेच थांबते. १.१ नंतर १.३, मग १.५ असे चढत गेले, किंवा रक्तात साखर आटोक्यात असताना लघवीत साखर आणि प्रथिने दिसू लागली, तर मात्र टेनोफोविरकडे बोट जाते. मधुमेही माणसाने दर सहा महिन्यांनी क्रिएटिनिन आणि लघवी बघावीच. गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅकच्या पट्ट्या महिनोन्‌महिने खाणे टेनोफोविरवाल्यांनी टाळावे. मूत्रपिंड बिघडायला तेवढे निमित्त पुरते.

वजनाचे म्हणाल तर डोल्युटेग्राविरवर वजन वाढते, आणि एफाविरेंझ सुटल्यावर त्याची भरपाई झाल्यासारखी जास्तच वाढते. त्यासाठी गोळी बदलून मागू नका. सात किलोत औषधाचा वाटा किती आणि संध्याकाळच्या फरसाणाचा किती, हे तुम्हालाच ठाऊक. कंबर सेंटिमीटरमध्ये मोजून ठेवा, पुरुषांत ९० च्या आत हवी.

हृदयाकडे आमचा जास्त कल आहे. एचआयव्ही आटोक्यात असला तरी आत मंद दाह चालू राहतो आणि हृदयविकार लवकर गाठतो. २०२३ मध्ये १२ देशांतल्या ७,७६९ जणांवरचा रिप्रीव्ह नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला : वय ४० ते ७५, धोका कमी ते मध्यम. रोज ४ मिलिग्रॅम पिटाव्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारे, स्टॅटिन गटातले औषध) घेणाऱ्यांत हृदयविकार, पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटना ३५ टक्क्यांनी कमी झाल्या. तुम्ही मधुमेही असल्याने स्टॅटिनची गरज तशीही आहे. पुढच्या भेटीत हा विषय तुम्ही काढा, नाहीतर कोणी काढणार नाही.

राहिले फॅमिली डॉक्टर. एचआयव्ही सांगायचा की नाही हा निर्णय तुमचाच. २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार दवाखाना एचआयव्हीमुळे उपचार नाकारू शकत नाही आणि तुमची माहिती संमतीशिवाय दुसऱ्याला देऊ शकत नाही. नाकारल्यास राज्याच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. आणीबाणीच्या प्रसंगी शक्यतो २४ तासांत आदेश द्यावा, अशी तरतूद आहे. कायदा असला तरी गावात तोंड असते, हेही आम्ही जाणतो. सांगायचे नसेल तर एवढे करा : नवे औषध लिहून दिले की पहिली गोळी घेण्याआधी पट्टीचा फोटो काढून एआरटी केंद्राच्या फार्मासिस्टला दाखवा. ते जमले नाही तर नॅकोची (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची) मोफत हेल्पलाइन १०९७ चोवीस तास असते. डॉक्टरांना किमान ‘डोल्युटेग्राविर आणि टेनोफोविर चालू आहे’ एवढी नावे सांगितली तरी जाणता डॉक्टर सावध होतो. अर्थात ती ऐकून त्याला एचआयव्हीही कळेल, हे धरून चाला.

प्रश्न : सेकंड लाइनवर आहे, ॲटाझानाविर-रिटोनाविरची गोळी. सहा महिन्यांत चेहरा गोल झाला, पोट सुटले, हातपाय मात्र बारीक. दम्यासाठी फ्लुटिकासोनचा पंप ओढतो. ॲसिडिटीची कॅप्सूलही रोज असते. डोळेही थोडे पिवळट दिसतात.
— एक वाचक, मडगाव

उत्तर : हा पंप तुमच्यासाठी घातक ठरला असण्याची दाट शक्यता आहे. फ्लुटिकासोन आणि बुडेसोनाइड ही स्टेरॉइड औषधे. एरवी फुफ्फुसातून रक्तात आलेला थोडा अंश यकृत लगेच मोडून टाकते. रिटोनाविर ते मोडणेच बंद पाडते, त्यामुळे पंपातले स्टेरॉइड तोंडाने खाल्ल्यासारखे साठत जाते. चेहरा आणि पोटाचे जे तुम्ही लिहिले आहे ते त्याचेच चित्र. गुडघ्यात किंवा खांद्यात दिलेले ट्रायमसिनोलोनचे इंजेक्शनही हेच करते, तेही एकाच सुईत. नाकाच्या स्प्रेलाही हीच अडचण.

पंप आज फेकून देऊ नका. बाहेरून एवढे स्टेरॉइड मिळाल्याने तुमच्या अधिवृक्क ग्रंथी (शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड, कॉर्टिसोल, बनवणाऱ्या) झोपलेल्या असतील. एकदम थांबवल्यास रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते. सकाळी आठच्या सुमारास कॉर्टिसोलची रक्तचाचणी, मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली बेक्लोमेथासोनच्या पंपावर बदल, अशी वाट आहे. रिटोनाविरबरोबर बेक्लोमेथासोन चालते. ही भेट या आठवड्यातच घ्या.

ॲसिडिटीची कॅप्सूल, म्हणजे पॅन्टोप्राझोल-ओमेप्राझोल गट, ॲटाझानाविरबरोबर टाळायची, कारण त्या औषधाला विरघळायला पोटात आम्ल लागते. (टीएलडीवाल्यांना वर नेमके उलट सांगितले आहे. शेजाऱ्याला चालते ते आपल्याला चालेल असे धरू नका.) गोळी जेवणाबरोबरच घ्यायची. डोळ्यांचा पिवळेपणा ॲटाझानाविरमुळे बिलिरुबिन (पित्तातले पिवळे द्रव्य) वाढून येतो आणि यकृताच्या बाकीच्या चाचण्या नीट असतील तर त्रासाचा नसतो, पण चाचणी केल्याशिवाय तसे गृहीत धरू नये. अर्धशिशीसाठी एरगोटामिन असलेली गोळी तुम्ही कधीही घेऊ नये, बोटांचा रक्तपुरवठा बंद होऊन ती काळी पडतात.

प्रश्न : आम्ही ऊसतोडीला जातो, दिवाळीनंतर निघतो ते उन्हाळ्यात परततो. बीडहून आणलेल्या गोळ्या मध्येच संपतात. कोपीवर (झोपडीवर) ऊन लागते. काय करावे?
— एक वाचक, सध्या मुक्काम सांगली जिल्हा

उत्तर : निघण्याआधीच केंद्राला मुकादमाच्या उचलीइतकेच पक्के सांगून ठेवा : अमुक महिने बाहेर आहोत. व्हायरल लोड आटोक्यात असलेल्यांना तीन महिन्यांपर्यंतच्या गोळ्या एकदम मिळू शकतात. त्या संपायच्या आत कारखान्याजवळच्या एआरटी केंद्रात जा, सोबत उपचाराचे कार्ड किंवा पुस्तिका आणि आधार. प्रवासातल्या रुग्णाला तिथेही गोळ्या देता येतात, नाव कायमचे बदलून घ्यावे लागत नाही. पुस्तिकेतल्या पानांचे फोटो मोबाइलमध्ये असू द्या. कोपीला आग लागते, पाऊस येतो, कागद टिकत नाही.

गोळ्या मूळ बाटलीतच ठेवा. आतली छोटी पुडी ओलावा शोषते, ती फेकायची नाही. उन्हापासून जपायला बाटली कापडात गुंडाळून गोधड्यांच्या थरात ठेवा. पत्र्याला किंवा छपराला टांगलेली पिशवी सर्वांत वाईट. तोड पहाटे सुरू होत असेल तर गोळीची वेळ रात्रीच्या जेवणाला बांधा. विसरलात तर आठवेल तेव्हा घ्या, पण पुढची वेळ जवळ आली असेल तर एकच घ्या, दोन एकदम नको.

गोळ्या संपल्या म्हणून पंधरा दिवस थांबणे एका कारणाने विशेष धोक्याचे आहे. टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन हेपटायटिस-बीलाही दाबून ठेवतात. तो आजार असलेल्याने एकदम सोडल्यास यकृताला अचानक जोराची सूज येते. तुमची हेपटायटिस-बीची तपासणी पुस्तिकेत काय लिहिली आहे ते केंद्रात विचारून घ्या. निगेटिव्ह असेल तर लस घ्या : पहिला डोस, महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्याला तिसरा. गावी असतानाचे महिने त्यासाठी धरा.

प्रश्न : एचआयव्ही आहे, पण मला काहीच त्रास नाही, सीडी-फोर (प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी) ६२० आहे. तरी नर्सताई गर्भाशयाच्या मुखाची तपासणी करा म्हणतात. वय ३४. गरज आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आहे. एचआयव्हीबरोबर जगणाऱ्या बाईला या कर्करोगाचा धोका इतरांच्या सुमारे सहापट असतो, आणि सीडी-फोर चांगला असला तरी हा धोका शून्यावर येत नाही. जागतिक आरोग्य संघटना अशा स्त्रियांची तपासणी पंचविसाव्या वर्षापासून सुरू करा म्हणते : एचपीव्हीची (हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची) डीएनए चाचणी असेल तर दर तीन ते पाच वर्षांनी, व्हिनेगरची तपासणी असेल तर दर तीन वर्षांनी. सरकारी दवाखान्यात बहुधा व्हिनेगरचीच होते. पातळ ॲसेटिक आम्ल लावून मिनिटभर थांबतात आणि पांढरा डाग उमटतो का बघतात. दुखत नाही, थोडे चुरचुरते. डाग आढळला म्हणजे कर्करोग नव्हे. तो कर्करोगाआधीचा टप्पा असू शकतो आणि तो तिथल्या तिथे उष्णतेने जाळता येतो. पाळीचे दिवस सोडून जा, आदल्या दोन दिवसांत आत कुठले मलम किंवा गोळी वापरू नका. पाळी गेलेल्या बहिणी-जावांना मात्र व्हिनेगरची तपासणी भरवशाची नसते, कारण बघायचा भाग आत सरकलेला असतो. त्यांनी एचपीव्हीचीच चाचणी मागावी.